दुखणे गावाचे, खुर्ची समुपदेशकाची

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2010 ते 2014 या काळात देशभर सात मोठे मेळावे भरवले. पहिला विनिपेगला, शेवटचा एडमंटनला. निवासी शाळांत वाढलेली आदिवासी माणसे, त्यातली कित्येक आता उतारवयाला लागलेली, तिथे चारचौघांसमोर उभी राहून लहानपणी आपल्यावर काय बेतले ते सांगत. सांगणारे रडत, ऐकणारेही रडत. सभागृहात मदतनीस फिरत. त्यांच्याकडे कागदी रुमालांची खोकी असत आणि सोबत कागदी पिशव्या. डोळे पुसलेले रुमाल कचऱ्याच्या डब्यात जात नसत. ते पिशव्यांत गोळा व्हायचे आणि मेळाव्यासाठी पेटवलेल्या पवित्र अग्नीत अर्पण केले जायचे.

सरकारने नेमलेल्या आयोगाच्या कामात हा अग्नी आला कुठून? आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर न्यायाधीश होते आणि ओजिब्वे समाजातले होते. दुसरे सदस्य विल्टन लिटलचाइल्ड हे क्री समाजातले वकील. त्यांचे बालपण निवासी शाळेतच गेले होते. साक्ष द्यायला येणाऱ्या माणसाची जखम पुन्हा उघडी पडणार, हे या दोघांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. म्हणून प्रत्येक मेळाव्यात प्रशिक्षित समुपदेशक होते आणि त्यांच्या जोडीला समाजातले वडीलधारे होते. साक्ष देऊन उठलेल्या माणसाने कुणाजवळ जाऊन बसायचे हे त्याचे त्याने ठरवायचे.

आजच्या व्याख्यानाचा विषय ही जोडी आहे. आदिवासी समाजातल्या माणसाच्या मनावरच्या आघाताला उपचार द्यायचा तर तो कुणी द्यायचा, कुठे बसून द्यायचा आणि माणूस बरा झाला की नाही हे कुणी ठरवायचे?

मुळात झाले काय होते, ते थोडक्यात पाहू. 1880 च्या दशकापासून कॅनडाचे सरकार आणि चर्च यांनी मिळून आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. 1920 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हजेरी सक्तीची करता येईल अशी तजवीज झाली. शेवटची शाळा बंद व्हायला 1990 च्या दशकाची अखेर उजाडली. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. दारात पाऊल ठेवताच केस कापले जात आणि घरून घालून आणलेले कपडे काढून घेतले जात. पुष्कळ ठिकाणी मुलाला नावाऐवजी क्रमांक मिळे. आईची भाषा तोंडातून निघाली की मार. 1907 मध्ये डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने या शाळांत क्षयाने मुले कशी मरत आहेत त्याचा अहवाल दिला. सरकारने तो बाजूला ठेवला. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. जी परतली, त्यांतल्या अनेकांवर लैंगिक अत्याचार झाले होते आणि त्याबद्दल बोलायला जी भाषा लागते, ती त्यांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या मध्ये आता उरली नव्हती.

याच काळातली आणखी एक गोष्ट समुपदेशकांच्या लक्षात सहसा येत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या समाजांत माणूस गेला की पॉटलॅच नावाचा मोठा समारंभ करून शोक, वारसा आणि देणेघेणे सगळ्यांदेखत मार्गी लावण्याची रीत होती. 1885 पासून 1951 पर्यंत पॉटलॅच भरवणे हा कॅनडात गुन्हा होता. म्हणजे सरकारने दुःख दिलेच, वर ते दुःख वाहून नेण्याची जी वाट होती तिच्यावरही पोलीस बसवले. पुढे त्याच सरकारच्या दवाखान्यातला मानसतज्ज्ञ या माणसांना ‘मोकळेपणाने बोला’ असे सांगू लागला तेव्हा ती गप्प बसली, यात नवल ते काय!

मानसिक आघाताचे जे निदान आज जगभर चालते, ते अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आपल्या नियमपुस्तकात घातले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते. त्या निदानाची घडण उघड आहे. एक माणूस, त्याच्यावर गुदरलेला भयंकर प्रसंग आणि नंतर छळणारी त्याची आठवण. सैनिकाच्या बाबतीत हे पुष्कळसे जुळते. पण ज्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या सगळी मुले उचलून नेली गेली, त्या गावातल्या नातवाचे काय? त्याच्यावर तो प्रसंग गुदरलेलाच नाही. त्याच्या आजीला मूल कुशीत घेऊन कसे झोपवतात ते शिकायला मिळाले नाही, एवढेच झाले आहे.

लाकोटा समाजातल्या समाजकार्यकर्त्या आणि संशोधक मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी या प्रकाराला ऐतिहासिक आघात असे नाव दिले आणि त्यावर उपचाराची एक पद्धत बसवली. 1992 मध्ये दक्षिण डाकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये, लाकोटांना पवित्र असलेल्या डोंगरांत, त्यांनी 45 लाकोटा स्त्री-पुरुषांना चार दिवस एकत्र बसवले. आधी समाजाचा इतिहास समोर मांडला, मग छोट्या गटांत बोलणे झाले. सोबत शुद्धीकरणाचे पारंपरिक विधी होते. इतिहास शिकवणे हाच उपचाराचा पहिला भाग, ही त्यातली नवी गोष्ट. आपले वडील दारू पिऊन का मारायचे, हे मुलाला वडिलांच्या स्वभावातून कळत नाही. ते ज्या शाळेत वाढले तिच्याबद्दल ऐकल्यावर थोडे उमगते.

हे सारे हवेतून आलेले नव्हते. 29 डिसेंबर 1890 रोजी वूंडेड नी इथे अमेरिकी घोडदळाने लाकोटांना गोळ्या घातल्या. मेलेल्यांचे अंदाज दीडशेपासून तीनशेपर्यंत जातात आणि त्यांत बायकामुले पुष्कळ होती. 1986 ते 1990 अशी पाच वर्षे दर डिसेंबरात, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, लाकोटा घोडेस्वार त्या मारल्या गेलेल्या टोळीच्या अखेरच्या वाटेने गेले. शंभरावे वर्ष भरले तेव्हा अश्रू पुसण्याचा पारंपरिक विधी करून शोकाची समाप्ती केली. ब्रेव्ह हार्ट यांची पद्धत आकाराला येत होती ती याच काळात. लोक जे स्वतःहून करू लागले होते त्याला समाजकार्याच्या शिस्तीत बसवण्याचे काम त्यांनी केले, असे म्हणता येईल.

आता समुपदेशनाच्या खोलीत जाऊ. तिथे आदिवासी माणूस समोर बसला की दोन गोष्टींवर गाडी हमखास अडते. एक म्हणजे बोलणे आणि दुसरी म्हणजे न बोलणे.

आघाताच्या रूढ उपचारात भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा, तपशिलाने सांगायला लावतात. सांगून सांगून आठवणीची धार बोथट होते, असा त्यामागचा हिशेब आहे आणि कित्येकांना त्याने बरे वाटते. पण अमेरिकेतल्या नाव्हाहो समाजात अभद्र बोललेले खरे होते अशी धारणा आहे. 1995 मध्ये कॅरीस आणि ऱ्होड्स या दोन संशोधकांनी नाव्हाहो वस्तीतल्या लोकांशी बोलून हे नोंदवले. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर संभाव्य धोके वाचून दाखवतात, तेही तिथल्या अनेकांना अपायकारक वाटते. अशा माणसाला मृत्यूचे वर्णन पुन्हा पुन्हा करायला लावणे हा उपचार कसा ठरेल? त्याच समाजात लढाईवरून परतलेल्या माणसासाठी शत्रूच्या मृत्यूचा विटाळ दूर करण्याचा मोठा विधी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या नाव्हाहो सैनिकांसाठी तो केला गेला. त्यात नातेवाईक जमतात, गाणी होतात, दिवसच्या दिवस लोक त्या माणसाच्या भोवती असतात. सैनिकाने आपण काय पाहिले ते सांगत बसावे अशी कुणाची अपेक्षा नसते.

न बोलण्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. मानववंशशास्त्रज्ञ कीथ बासो यांनी 1970 मध्ये पश्चिम अपाचे लोकांच्या मौनावर एक निबंध लिहिला. कोणकोणत्या वेळी अपाचे माणूस गप्प राहणे पसंत करतो, याची त्यात नोंद आहे. अनोळखी माणूस भेटला की, कुणी शोकात असले की, आणि मुले निवासी शाळेतून घरी परत आली की. शेवटचा प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. लांबच्या शाळेची बस येते, मूल उतरते आणि आईबाप त्याच्याशी लगेच बोलत नाहीत. पोरगे तिकडे राहून कसे झाले आहे, आपल्याला नावे ठेवायला शिकले आहे की काय, याचा अंदाज ते घेत असतात. आधी मुलाने बोलायचे, आईबापांनी ऐकायचे. बाहेरच्या माणसाला हा थंडपणा वाटेल. समुपदेशनाच्या वहीत तर त्याची नोंद ‘कुटुंबात संवादाचा अभाव’ अशी व्हायची! शोकात असलेल्या माणसाजवळ नुसते बसून राहणे ही तिथे माणुसकीची रीत आहे. पन्नास मिनिटांच्या सत्रात ती बसत नाही, कारण तिथे घड्याळ लावलेले असते.

एका गावाची हकिगत सविस्तर सांगायला हवी. ब्रिटिश कोलंबियात विल्यम्स लेकच्या दक्षिणेला अल्कली लेक नावाचे शुस्वाप लोकांचे गाव आहे. वस्ती काहीशे माणसांची. मुले सेंट जोसेफ्स मिशनच्या निवासी शाळेत जात. 1970 च्या सुमारास या गावाची अशी ख्याती होती की आसपासचे लोक अल्कली लेकला अल्कोहोल लेक म्हणत. जवळजवळ सगळे प्रौढ पीत.

1972 मध्ये फिलिस चेल्सी आणि अँडी चेल्सी या नवरा-बायकोची सात वर्षांची मुलगी आजीच्या घरून परत यायला तयार होईना. तुम्ही दोघे पिता, मी घरी येणार नाही, असे तिने सांगितले. फिलिसनी दारू सोडली. पाठोपाठ अँडींनी सोडली. पुढचा काही काळ गावात न पिणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती आणि गावाने त्यांना जवळजवळ वाळीत टाकले. मग अँडी गावाचे प्रमुख झाले. गावात दारू आणणाऱ्या गाडीला बंदी झाली. चोरून विकणारे पोलिसांच्या मदतीने पकडले गेले, त्यात आप्तस्वकीयही होते. सरकारी मदतीचे पैसे रोख देण्याऐवजी किराणा दुकानाच्या चिठ्ठ्या दिल्या जाऊ लागल्या. दारूपायी गुन्ह्यात सापडलेल्याला पर्याय दिला जाई, उपचाराला जा नाहीतर खटल्याला सामोरा जा.

इथपर्यंत हा कडक पंचायतीचा कारभार वाटेल, आणि तो तसा होताही. पण माणूस व्यसनमुक्तीच्या केंद्रात गेला की मागे गावाने काय करायचे, हेही ठरलेले होते. त्याची पोरेबाळे कुणीतरी सांभाळायची आणि घराची डागडुजी, रंगरंगोटी करून ठेवायची. काही आठवड्यांनी तो परत येई तेव्हा ज्या घरातून गेला ते घर तसे राहिलेले नसे. समुपदेशनाच्या पुस्तकांत ज्याला आधारव्यवस्था म्हणतात ती इथे ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन उभी होती.

वाफेच्या झोपडीतले शुद्धीकरण, ढोल, गाणी हे सगळे त्यानंतर, हळूहळू परत आले. काही वडीलधाऱ्यांना ते जेमतेम आठवत होते. काही गोष्टी शेजारच्या समाजांकडून शिकून घ्याव्या लागल्या. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत गावातली 95 टक्के माणसे दारूपासून दूर होती असे सांगितले जाते. गावाने आपल्या या प्रवासावर एक चित्रपट केला आणि त्यात आपापल्या भूमिका गावकऱ्यांनीच वठवल्या. आपलेच पिणे, आपलीच मारहाण कॅमेऱ्यासमोर पुन्हा करून दाखवणे हे सोपे काम नव्हे.

पण दारू उतरल्यावर तिच्याखाली दडलेले वर आले. मिशनच्या शाळेत काय झाले होते, ते लोक आता बोलू लागले. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून त्या शाळेशी संबंधित पाद्र्यांवर फौजदारी खटले उभे राहिले. म्हणजे ज्याला आपण आघाताचे समुपदेशन म्हणतो ते अल्कली लेकमध्ये सुरू झाले दारू सुटायला लागून पंधरा-एक वर्षे झाल्यावर. आधी मूल सुरक्षित, मग घर, मग गाव आणि त्यानंतर आठवण. हा क्रम कुणा तज्ज्ञाने आखून दिला नव्हता.

तज्ज्ञाने आखून न देता लोकांनीच ठरवायचे, ही गोष्ट न्यूझीलंडमध्ये परिचारिकांच्या प्रशिक्षणातून पुढे आली. इरिहापेटी राम्सडेन या माओरी परिचारिकेने 1980 च्या दशकाच्या अखेरीस सांस्कृतिक सुरक्षिततेचा विचार मांडला आणि 1992 मध्ये तिथल्या परिचर्या परिषदेने तो अभ्यासक्रमात घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचे. परिचारिकेने माओरी चालीरीती पाठ करून येण्याची त्यात अपेक्षा नव्हती. स्वतः कुठून आलो आहोत, आपल्या हातात कसली सत्ता आहे, हे तिने ओळखावे, एवढेच होते. गोऱ्या मध्यमवर्गात त्यावर बराच गदारोळ झाला. प्रस्तुत वक्त्याच्या मते या सगळ्या क्षेत्रात हा सर्वांत धारदार विचार आहे. कारण भिंतीवर गरुडाचे पीस टांगून आपला दवाखाना आदिवासींचा झाला असे समजणाऱ्यांची पंचाईत तो करतो. माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी 1980 च्या दशकात आरोग्याला चार भिंतींच्या सभागृहाच्या रूपात मांडले. शरीर, मन, आत्मबल आणि कुटुंब या त्या चार भिंती. ती मांडणी आज न्यूझीलंडच्या शाळांमध्येही शिकवली जाते.

इथे महाराष्ट्रातल्या श्रोत्याच्या मनात एक प्रश्न उठल्याशिवाय राहणार नाही. वाफेची झोपडी, सेजच्या पाल्याची धुरी, गरुडाचे पीस. हे देवरुषी आणि अंगाऱ्या-धुपाऱ्याला मागच्या दाराने आत घेणे नव्हे काय? ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी, 2013 मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या सळीचे चटके देतात. ती परंपरा आहे म्हणून तिच्यापुढे हात जोडायचे काय? मुळीच नाही.

पण दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. बाळाच्या न्यूमोनियावर औषध आहे, ते आधी द्यायचे. अपमानावर, तुटलेल्या नात्यांवर, गावाने एकमेकांवरचा विश्वास गमावण्यावर गोळी नाही. तिथे माणसे ज्या रीतीने एकत्र येतात तीच रीत कामाची. सत्य आणि सलोखा आयोगाच्या 2015 च्या 94 शिफारशींतली बाविसावी शिफारस याच मुद्द्याची आहे. आरोग्यव्यवस्थेने आदिवासी उपचारपद्धतींचे मोल ओळखावे आणि समाजातल्या उपचारकांच्या, वडीलधाऱ्यांच्या साथीने त्या वापराव्यात. मात्र रुग्णाने तशी मागणी केली असेल तेव्हा.

शेवटची अट उगाच घातलेली नाही. कॅनडातली पुष्कळ आदिवासी माणसे कट्टर ख्रिस्ती आहेत. क्वीबेकमधल्या उजे-बुगुमू या क्री गावात 2011 च्या सुमारास गावाच्याच परिषदेने वाफेची झोपडी हटवायला लावली, कारण ती ख्रिस्ती श्रद्धेत बसत नव्हती. तेव्हा आदिवासी माणूस दिसला की त्याला ढोल आणि धुरी द्यायची, हा जुन्या मिशनऱ्यांचाच उलटा फेरा झाला. माणसाला विचारायला हवे. या साध्या गोष्टीसाठी मोठमोठ्या आराखड्यांत शेवटचा परिच्छेद खर्ची पडतो!

समाजावर सोपवले की सगळे सुरळीत होते, असेही नाही. मॅनिटोबातल्या हॉलो वॉटर गावाने 1980 च्या दशकापासून लैंगिक अत्याचाराची प्रकरणे वर्तुळात बसून सोडवायला सुरुवात केली. अत्याचारी, पीडित, दोघांची कुटुंबे आणि गाव, सगळे समोरासमोर. अत्याचार करणाऱ्याने आधी न्यायालयात गुन्हा कबूल करायचा, मग तुरुंगाऐवजी गावाच्या देखरेखीखाली काही वर्षांची प्रक्रिया. 2001 मध्ये झालेल्या मूल्यमापनात 107 जणांपैकी फक्त दोघांनी पुन्हा तसा गुन्हा केल्याचे आढळले. हा आकडा कुठल्याही तुरुंगाला हेवा वाटावा असा आहे. तरीही आदिवासी विदुषी एमा लारोक यांनी 1997 मध्येच या पद्धतीवर कठोर टीका केली होती. लहानशा गावात, सगळ्या नात्यागोत्याच्या माणसांसमोर पीडित मुलीला क्षमा करण्याचे दडपण किती येत असेल? सलोख्याचा आग्रह तिच्या जिवावर धरला जातो आणि संस्कृतीचे नाव पुढे केले की प्रश्न विचारणेही अवघड होते. ही टीका आजही खोडली गेलेली नाही. वर्तुळाबाहेर उठून जाण्याचा हक्क मुलीला हवा, हे त्यातून शिकण्यासारखे.

पुराव्याचे काय, असे मानसतज्ज्ञ विचारतात आणि ते रास्त आहे. विधींवर औषधासारख्या चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. एक पुरावा मात्र भक्कम आहे आणि तो वेगळ्याच बाजूने येतो. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे आदिवासी समुदायांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आदिवासींत आत्महत्यांचे प्रमाण प्रचंड आहे, असे सरसकट बोलले जाई. पण निम्म्याहून अधिक समुदायांत त्या काळात एकाही तरुणाची आत्महत्या नव्हती आणि दहा टक्के समुदायांत जवळजवळ नव्वद टक्के आत्महत्या झाल्या होत्या. फरक कशाने पडला होता? स्वतःचा कारभार, जमिनीच्या हक्काचा लढा, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस आणि अग्निशमन, संस्कृतीसाठी हक्काची जागा, असे सहा घटक त्यांनी तपासले. ज्या समुदायांकडे हे सहाही होते तिथे आत्महत्या शून्य. 2007 मध्ये त्यांनी भाषेचा घटक जोडला. जिथे निम्म्याहून अधिक लोक आपल्या भाषेत बोलू शकत होते, तिथे आत्महत्या अत्यल्प होत्या. यावरून भाषा शिकवली की आत्महत्या थांबतात असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एकजुटीचे गाव भाषाही टिकवते आणि तरुणांनाही सांभाळते, असेही असू शकेल. पण समुपदेशकांच्या नेमणुका वाढवणाऱ्या सरकारने त्या गावाची शाळा कुणाच्या हातात आहे हेही विचारावे, इतके यातून नक्कीच निघते.

भरपाईच्या बाबतीत सरकारने नेमके काय केले, ते बोलके आहे. 2007 मध्ये अमलात आलेल्या समझोत्यानुसार निवासी शाळेतल्या पहिल्या वर्षासाठी दहा हजार डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी तीन हजार डॉलर मिळत. अत्याचाराच्या दाव्यांची सुनावणी वेगळी. असे सुमारे 38 हजार दावे आले आणि अत्याचाराच्या प्रकाराप्रमाणे गुण देऊन रक्कम ठरे. सुनावणीच्या खोलीत वडीलधारे बसू शकत, धुरी करता येई, शपथ गरुडाच्या पिसावर घेता येई. त्या खोलीत कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडले, आणि ते उघडले गुणांसाठी. वाताहत झालेल्या बालपणाला परीक्षेसारखे गुण मिळतात, याचा त्या माणसावर काय परिणाम होतो हे त्यांच्या समुपदेशकांनी पुढची कित्येक वर्षे निस्तरले.

आणि पैसा? 1998 मध्ये सरकारने 35 कोटी डॉलर देऊन आदिवासी उपचार प्रतिष्ठान उभे केले. आदिवासींनीच चालवलेल्या या संस्थेने गावोगावच्या प्रकल्पांना मदत दिली. कुठे वर्तुळे भरली, कुठे रानात छावण्या झाल्या, कुठे आजीआजोबांकडून शिवणकाम शिकत शिकत बोलणे झाले. 2010 च्या अर्थसंकल्पात या प्रतिष्ठानला पुढचा निधी मिळाला नाही आणि 134 प्रकल्पांची मदत थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये विनिपेगला आयोगाचा पहिला मेळावा भरला. जखमा उघडायच्या वेळेलाच पट्ट्या संपल्या, असा हा कारभार!

महाराष्ट्राचा या सगळ्याशी संबंध काय? 2011 च्या जनगणनेत राज्यात एक कोटी पाच लाख आदिवासी होते. कॅनडाशी तुलना करताना जपूनच बोलले पाहिजे. इथल्या आश्रमशाळा मुलांची संस्कृती पुसायला काढलेल्या नाहीत, आईबाप मुले आपण होऊन घालतात आणि त्या शाळांतून डॉक्टर, शिक्षक, अधिकारी घडले आहेत. पण सहा-सात वर्षांचे कोरकू किंवा माडिया पोर घर सोडून अशा ठिकाणी येते, जिथे त्याची भाषा वर्गात कुणी बोलत नाही. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. तिथल्या बालमृत्यूंच्या आणि अत्याचारांच्या बातम्या अधूनमधून येतात, चौकशी समित्या बसतात. त्या मुलांच्या मनाचे काय, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत क्वचितच असतो.

याचे उत्तर शोधायला कॅनडापर्यंत जायला नको, गडचिरोली पुरेशी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने रुग्णालय बांधण्याआधी आसपासच्या गोंड गावांना विचारले की तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही. लोकांनी सांगितलेली कारणे सरळ होती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, पांढऱ्या कपड्यातल्या माणसांची भीती वाटते, भाषा कळत नाही, नातेवाइकांना बाहेर काढतात. मग शोधग्राम या संस्थेच्या परिसरातले रुग्णालय गावासारखे झाले. झोपड्यांच्या घाटाच्या खोल्या, नातेवाइकांना सोबत राहायची मुभा आणि नाव आदिवासींच्या देवीचे, माँ दंतेश्वरी. देवीच्या जत्रेला गावोगावचे लोक जमतात आणि आपल्या आरोग्याचे कोणते प्रश्न आधी घ्यायचे ते सांगतात. आत औषध मात्र आधुनिकच मिळते. याच जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनातून 1993 मध्ये दारूबंदी आली. अल्कली लेकशी तिची तुलना कुणीतरी अभ्यासून करायला हवी.

मेळघाटात सरकारी आरोग्ययंत्रणेने भुमकांना, म्हणजे कोरकू गावातल्या पारंपरिक वैदूंना, सोबत घेण्याचे प्रयत्न केले आहेत. आजारी मूल आले तर दवाखान्यात पाठवा, असे त्यांना सांगितले जाते. प्रस्तुत वक्त्याला यात एक उणीव दिसते. भुमक्याने रुग्ण डॉक्टरकडे पाठवायचा, पण डॉक्टर कधी कुणाला भुमक्याकडे पाठवत नाही. न्यूमोनियाच्या बाबतीत तेच बरोबर आहे. पण ज्या बाईचे मूल दगावले आणि जी महिनाभर अन्नाला शिवली नाही, तिच्याबाबतीतही ते बरोबरच आहे असे धरून चालता येईल का? तिच्याशी तिच्या भाषेत बोलेल, तिच्या घरचे कुळदैवत जाणेल असे माणूस आरोग्यकेंद्रात बहुधा नसते.

आश्रमशाळेत उद्या समुपदेशक नेमायचे झाले तर जाहिरातीत मानसशास्त्राची पदवी मागितली जाईल, आणि ती मागावीच. त्याच जाहिरातीत गोंडी, कोरकू, भिली किंवा वारली येणे ही अट घालता येईल. पदवी असलेली आणि भाषा येणारी माणसे आज कमी मिळतील. ती पुरेशी मिळेपर्यंत आश्रमशाळेतच स्वयंपाक करणाऱ्या, मुलांची भाषा बोलणाऱ्या मावशींना प्रशिक्षण देऊन समुपदेशकाच्या शेजारी बसवता येईल. रात्री घरची आठवण येऊन रडणारे पोर आजही त्यांच्याकडेच जाते. त्यांना त्याचे मानधन मिळावे, आणि मुलाला त्रास देणारा शाळेतलाच कुणी निघाला तर ते सांगितल्याबद्दल त्यांची नोकरी जाऊ नये, याची लेखी तरतूद आदिवासी विकास विभागाला करावी लागेल.